जुन्या बीटल आणि पोर्शेचे सुटे भाग : किंमत एका नंबरवर कशी ठरते आणि फसवणूक कुठे होते?

३० जुलै २००३. मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरातल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यातून एक फिकट निळी बीटल बाहेर आली. मारियाची बँडच्या सुरावटीत तिला निरोप देण्यात आला, कारण ही शेवटची होती. जुन्या घडणीच्या बीटलचा आकडा तेव्हा २ कोटी १५ लाख २९ हजार ४६४ वर थांबला.

गाडीचं उत्पादन थांबलं, पण गाड्या थांबल्या नाहीत. जर्मनी, अमेरिका, ब्राझील, मेक्सिको अशा कितीतरी देशांत या बीटल आजही रस्त्यावर दिसतात. तिच्याच घराण्यातून पुढे आलेल्या जुन्या पोर्शे ९११ ला तर आज आधीपेक्षा जास्त मागणी आहे. पण गाडी चालवायची म्हटलं की इंजिन उघडावं लागतं, आणि इंजिन उघडलं की पार्ट लागतो.

मग हा पार्ट येतो कुठून? कुणाच्या तरी गॅरेजच्या कोपऱ्यातून, एखाद्या मोडीत काढलेल्या गाडीतून किंवा वर्षातून एकदा भरणाऱ्या बाजारातल्या टेबलावरून. या बाजारात सारख्याच दिसणाऱ्या दोन भागांपैकी एक सोन्याच्या भावात विकला जातो आणि दुसरा भंगारात जातो. असं का होतं, ते समजून घेऊया.

एअर-कूल्ड इंजिन म्हणजे नेमकं काय?

आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये इंजिन थंड ठेवायला पाणी आणि कूलंट वापरतात. त्यासाठी रेडिएटर, पाण्याचा पंप आणि नळ्या असा सगळा पसारा लागतो. एअर-कूल्ड इंजिनात यातलं काहीच नसतं. सिलिंडरवर बाहेरून पातळ पातळ पाती असतात आणि त्यांच्यावरून हवा खेळवून उष्णता काढून घेतली जाते.

बजाज चेतक उघडलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल. स्कूटरच्या इंजिनावर पत्र्याचं आवरण असायचं आणि आत पंखा. हा पंखा हवा ओढून सिलिंडरवर सोडायचा. बीटलमध्ये हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरलं आहे. तिचं चार सिलिंडरचं इंजिन गाडीच्या मागच्या बाजूला असतं. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे झोपवलेले. या रचनेला बॉक्सर किंवा फ्लॅट इंजिन म्हणतात. पोर्शे ९११ मध्ये याच पद्धतीने सहा सिलिंडर असतात.

अशा गाड्या फक्त या दोनच नव्हत्या. फ्रान्सची सिट्रोएन २सीव्ही (१९४८ ते १९९०), इटलीची फियाट ५०० (१९५७ ते १९७५) आणि अमेरिकेची शेव्हरोले कॉर्वेअर (१९६० ते १९६९) यांची इंजिनंही हवेवरच थंड व्हायची. पण सुट्या भागांचा सगळ्यात मोठा बाजार बीटल आणि पोर्शेचाच. पोर्शेने १९९८ पर्यंत एअर-कूल्ड ९११ बनवली आणि नंतर पाण्याकडे वळली.

नवे भाग मिळत नाहीत का?

मिळतात. बीटलचे पिस्टन, सिलिंडर, बेअरिंग, व्हॉल्व्ह, गॅस्केट हे सगळं आजही नवं बनतं. पोर्शेचा जुन्या गाड्यांसाठी वेगळा विभागच आहे. तिथल्या यादीत सुमारे ५२ हजार भाग असल्याचं कंपनीने सांगितलं होतं. ज्या भागांचे साचे उरले नाहीत, त्यातले काही कंपनी थ्रीडी प्रिंटिंगने बनवते. पोर्शे ९५९ या दुर्मीळ गाडीचा क्लच रिलीज लिव्हर असाच बनवला गेला.

तरीही जुन्या भागांना गिऱ्हाईक आहे. त्याची कारणं तीन.

पहिलं कारण, काही मोठे भाग नवे मिळतच नाहीत किंवा मिळाले तरी परवडत नाहीत. उदाहरणार्थ, पोर्शेच्या विशिष्ट वर्षाची क्रँककेस.

दुसरं कारण, नवं म्हणजे चांगलंच असं इथे नसतं. इंजिनाभोवतीचे मूळ जर्मन पत्रे जाड असतात आणि जागेवर नीट बसतात. बाजारात नंतर आलेले काही पत्रे पातळ असतात, भोकं जुळत नाहीत आणि फटीतून गरम हवा परत आत शिरते. म्हणून गंजाची हलकी पुटं चढलेला मूळ पत्राही लोक आनंदाने घेतात.

तिसरं कारण म्हणजे गाडीचं मूळपण. पोर्शेच्या बाबतीत सगळ्यात मोठा पैसा इथेच आहे. त्याकडे पुढे येऊच.

खरं तर जुना भाग दुरुस्त करून पुन्हा वापरायची पद्धत कंपनीनेच पाडली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत कच्च्या मालाची टंचाई होती. तेव्हा १९४७ मध्ये फोक्सवॅगनने जुनी इंजिनं परत घेऊन, ती नव्याने बांधून देण्याची योजना सुरू केली. १९५८ पासून कासेलच्या कारखान्यात हे काम मोठ्या प्रमाणावर होऊ लागलं. जुना भाग द्या, दुरुस्त केलेला घ्या आणि फरकाचे पैसे भरा. आज या व्यापारात जमा करायच्या जुन्या भागाला 'कोअर' म्हणतात. तो परत करेपर्यंत विक्रेता अनामत रक्कम ठेवून घेतो.

भाग ओळखायचा कसा?

दिसण्यावर जाऊ नका, नंबर वाचा. हा या बाजारातला पहिला धडा.

फोक्सवॅगनचा पार्ट नंबर साधारण नऊ आकडी असतो आणि शेवटी एखादं अक्षर येतं. बीटलच्या १६०० सीसी इंजिनाच्या कार्ब्युरेटरचा एक प्रसिद्ध नंबर घेऊ : ११३ १२९ ०३१ के.

यातला पहिला १ म्हणजे टाईप १, अर्थात बीटल. तिथे २ असता तर तो कोंबी व्हॅनसाठी बनलेला भाग असता आणि ३ असता तर टाईप ३ साठी. मधल्या १२९ मधला १ सांगतो की हा इंजिनाचा भाग आहे आणि २९ म्हणजे त्यातला कार्ब्युरेटर-इनटेकचा उपगट. ०३१ हा त्या भागाचा स्वतःचा क्रमांक. शेवटचं 'के' म्हणजे सुधारित आवृत्ती. हे अक्षर लोक सर्रास विसरतात आणि मग पार्सल उघडल्यावर डोक्याला हात लावतात.

अख्खं इंजिन घेताना वेगळा नंबर बघायचा. बीटलमध्ये जनरेटरचा किंवा अल्टरनेटरचा स्टँड जिथे बसतो, त्याच्या बरोबर खाली क्रँककेसवर तो ठोकलेला असतो. साठच्या दशकाच्या मध्यानंतरच्या इंजिनांवर नंबरच्या सुरुवातीला अक्षर असतं. 'एच' असेल तर १५०० सीसी, 'एडी' किंवा 'एएस' असेल तर १६०० सीसी.

पण इथेही मेख आहे. नंबर क्रँककेसवर असतो आणि आतला माल गेल्या ५० वर्षांत कुणीही बदललेला असू शकतो. म्हणजे बाहेर १५०० लिहिलं असलं तरी आत १६०० चे सिलिंडर निघू शकतात. १५०० चा बोअर ८३ मिलिमीटर, १६०० चा ८५.५ आणि स्ट्रोक दोन्हींचा ६९. फरक मोजल्याशिवाय कळत नाही.

कुठला भाग जुना घ्यायचा आणि कुठे हात आखडायचा?

_क्रँककेस._ इंजिनाचा सांगाडा. बीटलची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. धातू वजनाला हलका, पण वर्षानुवर्षं तापून मऊ पडतो. मग दोन गोष्टी होतात. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगची बैठक लांबट होते आणि सिलिंडर हेड आवळणाऱ्या स्टडचे आटे उपटून येतात. दोन्हींवर इलाज आहे. बैठकीला बोअर मारून बाहेरून जाड असलेली बेअरिंग टाकता येतात. आट्यांच्या जागी पोलादी इन्सर्ट बसवता येतात. पण असं बोअरिंग किती वेळा झालंय, हे विचारलंच पाहिजे. धातू काढून टाकायलाही मर्यादा असते.

आणखी एक. क्रँककेसचे दोन अर्धे भाग कारखान्यात एकत्र यंत्रावर चढवलेले असतात. त्यांच्यावर जुळणारे क्रमांक असतात. एक अर्धा इथला आणि दुसरा तिथला अशी जोडी जमत नाही. 'अर्धी केस स्वस्तात' अशी जाहिरात दिसली तर ती कागद दाबून ठेवायच्या कामाची.

_क्रँकशाफ्ट._ जुनी घ्यायला हरकत नाही, पण मोजून. मूळ माप ५५ मिलिमीटर. झिजली की लेथवाला ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्याने घासून देतो आणि त्या मापाची बेअरिंग मिळतात. दोन-तीनदा घासून झालेली क्रँक म्हणजे शेवटच्या मापावर आलेली क्रँक. तडा तपासल्याशिवाय ती घेऊ नये.

_सिलिंडर हेड._ बीटलच्या हेडमध्ये तडा जातो तो बहुतेक वेळा व्हॉल्व्हची बैठक आणि स्पार्क प्लगचं भोक यांच्या मध्ये. काजळीखाली तो झाकलेला असतो. म्हणून हेड धुऊन काढलेला फोटो मागायचा. बीटलची नवी हेड मिळतात, त्यामुळे तडा गेलेलं जुनं हेड घेण्यात अर्थ नाही. पोर्शेचं गणित वेगळं. तिथे वेल्डिंग करून हेड वाचवणंही परवडतं.

_पिस्टन-सिलिंडर._ बीटलसाठी नवा संच घ्यावा. जुन्या संचात वाचणारे पैसे पुन्हा इंजिन उतरवण्यात जातात. पोर्शेच्या निकासिल थर असलेल्या सिलिंडरचं मात्र वेगळं आहे. हा थर इतका कणखर असतो की माप बसत असेल तर वापरलेले सिलिंडरही लोक पुन्हा घालतात.

_पंखा आणि त्याचं आवरण._ इथे संच बघावा लागतो. जुन्या बीटलमध्ये ऑईल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आत, हवेच्या वाटेतच उभा असायचा. त्याच्यामागच्या तीन नंबरच्या सिलिंडरला गरम आणि कमी हवा मिळायची. त्यामुळे तिथला व्हॉल्व्ह तुटण्याच्या तक्रारी असायच्या. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर मागे सरकवून त्याला वेगळी वाट दिली गेली. या रचनेला 'डॉगहाऊस' म्हणतात आणि जुन्या बाजारात तिला चांगली मागणी असते. पण नुसतं आवरण घेऊन भागत नाही. त्यासोबतचा रुंद पंखा, कूलर आणि पत्रेही लागतात. एकेक सुटा घ्यायला गेलात तर संचापेक्षा महाग पडतो. पंख्याला मध्यभागी तडा नाही ना, हेही बघा. जोरात फिरताना तो फुटला तर आसपासचं सगळं घेऊन जातो.

_थर्मोस्टॅट आणि झडपा._ हा भाग कित्येक मेकॅनिकांनी 'याची गरज नाही' म्हणून काढून फेकला. त्यामुळे आज तो शोधावा लागतो. मूळ थर्मोस्टॅटची खुबी अशी की तो बिघडला तर झडपा उघड्या राहतात, म्हणजे इंजिनाला पूर्ण हवा मिळत राहते.

_कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर._ जुना मूळ कार्ब्युरेटर घेताना थ्रॉटलचा दांडा हलवून बघतात. दांड्याला प्ले असेल तर तिथून हवा खेचली जाते आणि गाडी आयडलिंगला कधीच स्थिर होत नाही. बुश बदलून तो दुरुस्त होतो, पण तो खर्च घासाघीस करताना धरायचा.

_रबर, सील, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट._ हे नवेच. 'न वापरलेलं जुनं सील' हेसुद्धा नको, कारण रबर पाकिटातही म्हातारं होतं.

चालू इंजिन विकत घेताना हाताने करायची एक चाचणी

बीटलचं अख्खं इंजिन समोर असेल तर एक सोपी गोष्ट करता येते. इंजिन बंद असताना क्रँकची पुली दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि पुढे-मागे ओढा. नव्या इंजिनात हा प्ले ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असतो. ०.१५ ही झिजेची कमाल मर्यादा. हा हिशेब केसाच्या जाडीचा आहे, त्यामुळे चांगल्या इंजिनात हाताला जवळजवळ काहीच जाणवत नाही. पुली स्पष्ट हलली किंवा 'टक टक' असा आवाज आला, तर ते इंजिन पूर्ण उघडावं लागणार. मग 'चालू इंजिन'चा भाव न देता कोअरचा भाव द्यायचा. नेमका आकडा हवा असेल तर डायल गेज लावून मोजतात.

पोर्शेच्या २.७ लिटर इंजिनाने काय शिकवलं?

१९७४ ते १९७७ या काळातल्या बहुतेक पोर्शे ९११ मध्ये २.७ लिटरचं इंजिन होतं आणि त्याची क्रँककेसही मॅग्नेशियमची होती. इंजिनाची ताकद वाढली, उष्णता वाढली. अमेरिकेत विकलेल्या १९७५ नंतरच्या गाड्यांवर धूर कमी करण्यासाठी थर्मल रिअॅक्टर बसवले होते, त्यांनी उष्णतेत आणखी भर घातली. परिणामी, अनेक इंजिनांत हेडच्या स्टडचे आटे केसमधून उपटून आले. १९७८ च्या मॉडेलपासून आलेल्या ९११ एससीमध्ये कंपनीने अॅल्युमिनियमची केस दिली.

मग २.७ ची जुनी केस घेऊच नये का? तसं नाही. ज्या केसमध्ये आट्यांच्या जागी चांगल्या दर्जाचे इन्सर्ट बसवलेत, बैठक मोजून दुरुस्त केली आहे आणि त्या कामाची बिलं आहेत, ती केस कधीच न उघडलेल्या केसपेक्षा भरवशाची. 'फॅक्टरीतून आल्यापासून हात लावलेला नाही' हे वाक्य बॉडीच्या पत्र्याबद्दल कौतुकाचं असेल, या इंजिनाबद्दल ते काळजीचं आहे.

'मॅचिंग नंबर' म्हणजे काय, आणि खोटेपणा कुठे होतो?

गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात जे इंजिन होतं, तेच आजही असेल तर त्या गाडीला 'मॅचिंग नंबर' म्हणतात. पोर्शेच्या जुन्या नोंदींत कुठल्या चॅसीमध्ये कुठल्या नंबरचं इंजिन बसवलं, ते लिहिलेलं असतं. हे जुळलं की गाडीची किंमत मोठ्या फरकाने वाढते.

म्हणूनच एखाद्या इंजिनाची रिकामी, तुटकी क्रँककेससुद्धा एका विशिष्ट माणसासाठी अमूल्य असू शकते. ज्याच्याकडे त्या केसची मूळ गाडी आहे, तो ती जगाच्या दुसऱ्या टोकाकडूनही मागवेल. बाकी सगळ्यांसाठी ती भंगार.

आणि म्हणूनच नंबर खरवडून पुन्हा ठोकणारेही आहेत. १९७३ ची पोर्शे कॅरेरा आरएस २.७ फक्त १,५८० बनली. तिच्या इंजिनाचा टाईप नंबर ९११/८३. पण हाच टाईप नंबर १९७४-७५ च्या युरोपीय कॅरेरा २.७ लाही होता. त्यामुळे केसवर ९११/८३ दिसलं म्हणजे ते आरएसचं इंजिन, असं सिद्ध होत नाही. पूर्ण अनुक्रमांक आणि नोंद दोन्ही जुळावी लागतात.

संशय कधी घ्यायचा? नंबरभोवतीचा पृष्ठभाग आजूबाजूच्या ओतीव भागापेक्षा गुळगुळीत असेल, ग्राइंडरचे ओरखडे असतील, आकड्यांची वळणं किंवा अंतर त्या वर्षाच्या इतर इंजिनांशी जुळत नसेल, तर थांबायचं. अनेक ओतीव भागांवर ओतकामाची तारीख असते, तीही वाचायची. १९७२ च्या गाडीचं म्हणून विकलेल्या इंजिनावर १९७५ ची तारीख असेल, तर पुढे बोलायला काही उरत नाही. फसवण्याच्या हेतूने इंजिन क्रमांक खोडणं किंवा बदलणं हा कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी गुन्हा आहे. असा भाग घेणाऱ्याचे पैसे तर जातातच, वर चौकशीही मागे लागू शकते.

विकणाऱ्याने काय करावं?

या बाजारात बरेच विक्रेते व्यापारी नसतात. वडील गेले, गॅरेजमध्ये चार खोकी पार्ट निघाले आणि मुलांना त्यातलं काही कळत नाही, अशीही घरं असतात. त्यांनी पहिली चूक टाळायची ती म्हणजे सगळं किलोवर देऊन टाकणं. आधी प्रत्येक ओतीव भागावरचे नंबर टिपा आणि फोटो काढा. वहीत लिहिलेल्या नोंदी, जुनी बिलं, रिकाम्या डब्यांवरची लेबलं फेकू नका. भागाइतकीच किंमत कधी कधी त्या कागदाला असते.

दुसरी चूक, चमकवण्याचा उत्साह. काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून क्रँककेस साफ केली तर मणी तेलाच्या वाटांमध्ये अडकून बसतात आणि पुढच्या मालकाची बेअरिंग खातात. अॅल्युमिनियमचं हेड किंवा पिस्टन कॉस्टिक सोड्यात बुडवलं तर सोडा धातूच खातो. मॅग्नेशियमची केस घरात ग्राइंडरने घासणं तर धोक्याचं. तिचा कीस पेट घेतो आणि ती आग पाण्याने विझत नाही, उलट भडकते. केरोसीन, ब्रश आणि फडकं पुरेसं आहे.

तिसरी गोष्ट, दोष स्वतःहून लिहा. 'तीन नंबरला आटे गेलेत', 'क्रँक ०.५० अंडरसाईझ', 'न तपासलेलं, कोअर म्हणून घ्यावं' असं स्पष्ट लिहिलेला भाग कमी किमतीत का होईना, पण भांडण न होता जातो. या वर्तुळात माणसं मोजकी असतात आणि नाव एकदा खराब झालं की सगळीकडे कळतं.

व्यवहार कुठे आणि कसा होतो?

ऑनलाईन जाहिराती आहेतच, पण समोरासमोरचे बाजारही टिकून आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी इथे दरवर्षी एप्रिलमध्ये फक्त पोर्शेच्या भागांचा बाजार भरतो. जर्मनीतल्या बाड कामबर्ग गावात १९७९ पासून जुन्या फोक्सवॅगनवाल्यांचा मेळावा होतो. तिथे लोक व्हर्निअर आणि टॉर्च खिशात घालूनच फिरतात.

दूरच्या माणसाकडून घेताना तीन गोष्टी मागा : त्या दिवसाची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसोबत भागाचा फोटो, नंबरचा जवळून काढलेला फोटो, आणि माप घेताना मायक्रोमीटर किंवा गेजसह काढलेला फोटो. पैसे देण्याचा मार्ग असा निवडा की फसवणूक झाली तर दाद मागता येईल. 'आजच पाठवा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे' अशी घाई करणाऱ्याला ते दुसरं गिऱ्हाईक लखलाभ म्हणा.

एक अवघड प्रश्न : गाडी वाचवायची की तोडायची?

काही जुन्या गाड्यांची अख्खी किंमत त्यांच्या सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा कमी असते. बॉडी गंजलेली पण इंजिन मूळ, अशा गाड्या यात सापडतात. त्या तोडल्या तर एका गाडीतून पाच-सहा गाड्या चालू राहतात. पण ती गाडी मात्र कायमची जाते आणि तिचं इंजिन दुसऱ्या गाडीत गेल्यावर 'मॅचिंग नंबर'ची एक जोडी तुटते. यावर या क्षेत्रातल्या लोकांचं एकमत नाही. निदान तोडण्यापूर्वी चॅसी आणि इंजिनाचे नंबर नोंदवून ठेवावेत, म्हणजे पुढे कुणाला जोडी जुळवायची असेल तर वाट राहते.

भारतात असाल तर

भारतातही हौशी लोकांकडे बीटल आहेत. पण मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार धुंडाळून तिच्या इंजिनाचा हवा तोच भाग मिळेल, याची खात्री नाही. बहुतेकांची मदार परदेशावर असते आणि तिथे दोन अडचणी येतात.

पहिली, भारताच्या परकीय व्यापार धोरणात भांडवली यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित आहे. म्हणजे वापरलेला भाग मागवण्याआधी परवानगीचा प्रश्न तपासावा लागतो. नाहीतर पार्सल कस्टममध्ये अडकतं.

दुसरी, अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याला 'बॅगेत कार्ब्युरेटर टाकून आण' असं सांगणं. पेट्रोलचा अंश किंवा वास असलेली वस्तू विमानात धोकादायक माल ठरते आणि बॅग तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. बिचारा भाचा विमानतळावर अडकतो.

इथे एक नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठे फेरबदल न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. म्हणजे मूळ इंजिन काढून भलतंच इंजिन बसवण्याआधी विचार केलेला बरा.

थोडक्यात

पैसे देण्याआधी पाच प्रश्न विचारा. नंबर काय, शेवटच्या अक्षरासकट? माप काय आणि कशाने मोजलं? आधी कुठली दुरुस्ती झाली, बिल आहे का? सोबतचे जोडीचे भाग मिळणार का? आणि हा भाग कुठल्या गाडीतून निघाला?

पाचही उत्तरं देणारा विक्रेता भेटला तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. नुसतं 'एकदम कडक कंडिशन आहे' म्हणणारा भेटला, तर खिशातला व्हर्निअर बाहेर काढा.